उसना विश्वास

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्किवा नावाच्या याजकाच्या सात पुत्रांची हकीकत आली आहे. इफिस शहरी पौल येशूच्या नावाने दुष्ट आत्मे काढीत असे, हे या सातजणांनी पाहिले. मग पौल ज्याची घोषणा करितो त्या येशूचे नाव घेऊन तेही तसेच करू लागले. नाव बरोबर होते, शब्दही बरोबर होते. परंतु आत्म्याने त्यांना उलट विचारिले की येशूला व पौलाला मी ओळखितो, पण तुम्ही कोण? आणि शेवटी ते सातही जण जखमी होऊन उघडे पळाले. रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगितली म्हणजे मुले पोट धरून हसतात. प्रिय वाचकहो, आम्ही पाळकांनी मात्र ती वाचून हसावे असे तीत काही नाही. पौलाचा येशू पौलाजवळ होता, त्यांच्याजवळ तो नव्हता. त्यांनी शेजारच्या घरून पीठ आणावे तसा तो उसना आणिला होता.

मी सेमिनरीतले शिक्षण संपवून पहिल्या मंडळीत आलो तेव्हा माझे वय सव्वीस वर्षांचे होते. आमचे एक गुरुजी फार सुंदर प्रार्थना करीत. त्यांचा स्वर हळूहळू चढत जाई, मध्येच ते क्षणभर थांबत, आणि शेवटचे ‘आमेन’ लांबवीत. मी ते सर्व उचलिले होते. उचलिले आहे हेही मला ठाऊक नव्हते. त्या गावात एक म्हातारी बाई होती. तिला अक्षरओळख नव्हती व प्रश्नोत्तरावलीतील चारांपेक्षा अधिक उत्तरे तिला कधी पाठ आली नाहीत. तिचा नातू तापाने फणफणला होता, म्हणून मी तिच्या घरी जाऊन प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर ती मला म्हणाली, “साहेब, प्रार्थना लई चांगली झाली. पण ही तुमची का तुमच्या मास्तरांची?” तिचा हेतू टोचण्याचा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग तिने आपला हात नातवाच्या कपाळावर ठेविला व “देवा, हा तुझा आहे, माझ्याकडं ठिवलाय, बघ आता,” इतकेच म्हटले. त्या रात्री घरी परत येताना मी किती लहान झालो होतो ते माझे मला ठाऊक.

तथापि अनुकरण हेच पाप आहे, असे मी म्हणत नाही. पौल स्वतः करिंथकरांस आपले अनुकरण करावयास सांगतो, व त्याचे कारणही सांगतो, ते हे की तो स्वतः ख्रिस्ताचे अनुकरण करितो. लेकरू आईचे शब्द उचलूनच बोलू लागते. मुलगी आईशेजारी बसून भाकरी थापावयास शिकते, पहिल्या भाकऱ्या फाटतात, आणि आईच्या हाताकडे पाहून पाहून तिचा हात बसतो. पण पिठाला पाणी किती, हे आईला सांगता येत नाही. नव्या ज्वारीचे पीठ निराळे, जुन्या ज्वारीचे निराळे, आणि दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी गेली म्हणजे त्याला कढत पाणी लागते. हे ज्या हाताला कळले तो हात आता आईचा राहिला नाही, मुलीचा झाला. चाळीस वर्षे झाली तरी जी आईच्या हाताकडेच पाहत बसली आहे, तिच्या घरी जेवावयास कोण जाईल?

आमच्या मंडळ्यांचे पुष्कळसे असेच झाले आहे. पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी आमच्या पूर्वजांना सुवार्ता दिली, हे ऋण फिटावयाचे नाही. सुवार्तेबरोबर उपासनेचा क्रम आला, बसण्याउठण्याची रीत आली, कोटही आला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सर्व परके वाटू लागले. त्यांनी १९१७ साली मिशनचे पगारी काम सोडिले व ‘देवाचा दरबार’ काढिला. आपल्या मराठी मनाला जसा ख्रिस्त दिसला तसा त्यांनी तो भजनांत गायिला. आज ती भजने आम्ही गातो. पण कशी गातो? पुस्तकातील क्रमांक सांगावयाचा, पेटी वाजली की उभे राहावयाचे, आणि चौथ्या कडव्यापर्यंत डोळे खिडकीबाहेरच्या बैलांवर ठेवावयाचे. एकाच्या काळजातून निघालेली वस्तू दुसऱ्या पिढीत पाठांतराची होते. यात टिळकांचा काय दोष?

नियमांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. दारू पिऊ नये, रविवारी औत धरू नये, दशांश द्यावा, बाप्तिस्मा झालेल्यांनी देवदेवस्कीच्या वाटेला जाऊ नये, हे नियम आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत आजही आहेत आणि त्यांनी पुष्कळ घरे वाचविली आहेत. ज्या घरातला दारूचा पैसा थांबला त्या घरातील लेकरांच्या अंगावर कपडा आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नियमशास्त्राला पौलाने गलतीकरांस लिहिताना बालरक्षकाची उपमा दिली. मुलाला हाताला धरून गुरूच्या दारापर्यंत नेणारा तो चाकर होय. तो नसता तर पोर वाटेतच खेळत राहिले असते. पण दारापर्यंत आल्यावरही जो आत जात नाही व चाकराचाच हात धरून बाहेर उभा राहतो, त्याला काय म्हणावे?

माझ्या सध्याच्या मंडळीत एक वृद्ध पंच आहेत. दारू नाही, तंबाखू नाही. दशांश पहिल्या रविवारी, तोही मोजून. उपासनेला पाऊस असो वा नसो, घंटेच्या आधी हजर. सर्व मंडळी त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगते, ख्रिस्ती असावे तर असे. त्यांचे व त्यांच्या धाकट्या भावाचे शेत लागून आहे. अकरा वर्षांपूर्वी एकाने बांध कोरला, असे दुसऱ्याचे म्हणणे. नांगराच्या दोन तासांइतकी जागा असेल नसेल. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. प्रथम दोघेही उपासनेला येत, एक खिडकीच्या बाजूला, दुसरा दाराच्या बाजूला. पुढे धाकट्याने येणेच सोडले. थोरले मात्र प्रत्येक प्रभुभोजनास येतात, आणि मी त्यांना भाकर देत आलो. का देत आलो? माझ्या वहीत त्यांच्या नावासमोर निर्बंध नव्हता म्हणून. नियम त्यांनी पाळले, मीही पाळले, आणि आम्हां दोघांच्या मध्ये ती भाकर कशी होती हे देवास ठाऊक.

ही गोष्ट मनाला लागून राहिली तेव्हा मी पंडिता रमाबाईंची १९०७ साली प्रसिद्ध झालेली साक्ष पुन्हा काढून वाचली. ती पूर्वीही वाचली होती, पण या वेळी तिच्यातील एका गोष्टीने मला अडविले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. नक्कल करणारी ती बाई नव्हती. तेथील भगिनींच्या मठात राहूनही तिने मांसाहार केला नाही. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालावयास तिने हरकत घेतली. ती भाषा मला व माझ्या देशबांधवांना येत नाही, मग त्या जागी आपले संस्कृत का नको, असा तिचा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढिले, ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे तिने आपल्या गुरुभगिनीला स्पष्ट लिहिले. पुढे १८८९ साली मुंबईस परतून तिने विधवांसाठी शारदा सदन काढिले. म्हणजे ती बाई ख्रिस्ती होती, विद्वान होती, सेवेत गढलेली होती, आणि कोणाच्याही सावलीत उभी राहणारी नव्हती. अनुकरण सोडा, स्वतःचे व्हा, असा उपदेश करणाऱ्याला याहून चांगले उदाहरण कोठे सापडेल?

पण तीच बाई आपल्या साक्षीत सांगते की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला कळून आले की मला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळालेला नाही. हे कळण्याला एक इंग्रज पाळक विल्यम हॅस्लॅम यांचे आत्मवृत्त कारण झाले. हे हॅस्लॅम कॉर्नवॉल प्रांतातील एका चर्चचे पाळक होते. १८५१ साली व्यासपीठावर उपदेश करीत असताना, स्वतःच्याच उपदेशाने त्यांचे स्वतःचे परिवर्तन झाले, आणि लोकांत ओरड झाली की पाळकच पालटला! पाळक होऊन बरीच वर्षे झाल्यावर पाळकाचे परिवर्तन व्हावे, हे वाचून मला त्या म्हाताऱ्या बाईचा प्रश्न पुन्हा ऐकू आला.

मला अडविणारी गोष्ट ही. आम्ही समजतो की नक्कल सोडिली म्हणजे खरेपणा आला. रमाबाईंनी नक्कल तर कधी केलीच नव्हती, तरीही हात रिकामा होता. शहरात शिकून आलेली आमची कित्येक मुले हल्ली म्हणतात, आम्हांला चर्चचे नियम नकोत, आमचा विश्वास अंतःकरणात आहे. मी त्यांना रागावत नाही. त्यांच्या वयात मलाही तसे वाटत असे. पण नियम मोडणारा हा नियम पाळणाऱ्याइतकाच नियमाकडे पाहत असतो, एक तोंड करून आणि दुसरा पाठ करून. दोघांच्याही दृष्टीस जो पडावयास पाहिजे तो बाजूलाच राहतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा घर सोडून गेला व थोरला घरात राबला, आणि बापाला या दोघांसाठीही घराबाहेर यावे लागले.

आणि रमाबाईंनी पुढे नियम टाकून दिले काय? नाही. केडगावच्या मुक्तिसदनातील शिस्त कडक होती. दुष्काळात आणिलेल्या शेकडो मुलींचे अन्न, वस्त्र, शिक्षण तेथे वेळेबरहुकूम चाले. स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी सगळे पवित्र शास्त्र उतरविले. १९२२ साली त्या वारल्या व १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. इतके कष्ट कोणत्या नियमाने सांगितले होते? कोणत्याही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला १८९० सालच्या रमाबाई व १९०० सालच्या रमाबाई यांत फारसा फरक दिसला नसता. दोन्ही वेळी ती विधवांची सेवा करणारी, पांढऱ्या वस्त्रांतील बाई होती. फरक पिठाच्या विरीचा होता, आणि तो थापणाऱ्यालाच कळतो.

ते वाचून झाल्यावर मी त्या पंचांच्या घरी गेलो. बोलणे सोपे नव्हते. ते वयाने माझ्या वडिलांसारखे. मी म्हणालो, “काका, बांधाविषयी बोलायचे आहे.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पाळकसाहेब, मी कोणता नियम मोडला ते सांगा. मी एकदा गेलो होतो त्याच्याकडे. त्याने दार लावून घेतले. आता पुन्हा जायचे तर किती वेळा जायचे? तुम्ही आकडा सांगा, तितक्या वेळा जातो.”

पेत्रानेही हेच विचारिले होते, व स्वतःच उदार होऊन सात म्हणाला होता. प्रभूने त्याला जो आकडा दिला त्याचा हिशेब कोणत्याही वहीत ठेविता येत नाही. मी काकांना ते सांगितले नाही. ते त्यांना पाठच होते. मी म्हणालो, “आकडा माझ्याजवळ नाही, काका. मीसुद्धा इतकी वर्षे वही पाहून तुम्हांला भाकर दिली. तुमच्याआधी मी चुकलो.” ते माझ्याकडे पाहत राहिले. चहा आला, तो आम्ही न बोलता प्यालो, आणि मी उठलो.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ते नेहमीच्या जागी होते. मी भाकरीचे ताट घेऊन दुसऱ्या रांगेपर्यंत आलो, तोच ते उठले, टोपी घातली आणि उपासना चालू असताना दाराबाहेर निघून गेले. पन्नास वर्षांत त्यांनी असे केले नव्हते. बायकांना वाटले, प्रकृती बिघडली. उपासना झाल्यावर दोन पंच माझ्याकडे आले व म्हणाले, “साहेब, पंचानेच प्रभुभोजन टाकून जावे, हे नियमात बसते काय? सभेत विचारले पाहिजे.” मी म्हणालो, विचारा.

संध्याकाळी ते माझ्या दारावरून घरी जाताना दिसले. धाकट्याने दार उघडले की नाही, हे मी विचारिले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. धोतराच्या काठाला बांधावरच्या गवताची कुसळे लागली होती. ओट्यावर बसून ती एकेक काढीत त्यांनी मला विचारिले, “पाळकसाहेब, पुढचे प्रभुभोजन केव्हा?” मी महिना सांगितला. ते म्हणाले, “तोपर्यंत आणखी एक-दोनदा जाऊन येतो.”

शेताची मोजणी अजून झालेली नाही.