वासराचा पहिला घोट

दुसऱ्याच्या संकटात धावून जाण्याची बुद्धी होणे ही भगवंताची मोठी कृपा होय. परंतु धावून गेल्यावर आपला हात कोठे लावावा आणि कोठे आवरावा हे कळण्यास निराळाच विवेक लागतो. हा विवेक पुष्कळदा घरच्या गोठ्यातच शिकावयास मिळतो. मात्र तेथे जे दिसते त्याचा अर्थ उलगडण्यास गीतामाउलीचा प्रकाश हवा.

पुढील प्रसंग कोणाही शेतकरी गृहस्थाच्या घरी घडण्यासारखा आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील एखादे खेडे डोळ्यांपुढे आणावे. मार्गशीर्षातील थंडीची रात्र. गवळाऊ जातीची पांढरी पहिलारू गाय मध्यरात्रीच्या सुमारास व्याली. घरधन्याला कालवडीची आशा होती, झाला गोऱ्हा. शेतीची बरीच कामे आता ट्रॅक्टर करतो, तेव्हा हा गोऱ्हा वाढवून काय उपयोग, असा विचार त्याच्या मनास चाटून गेला. तथापि तो मनाचा कठोर नव्हता. तो गोठ्यात बसून राहिला.

एक तास गेला. गोऱ्हा मागचे पाय उचली, पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबे आणि कोसळे. अखेर तो उभा राहिला, पण त्याला कास सापडेना. कधी तो गाईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घाली, कधी गळ्याची पोळी चाटी, तर कधी भिंतीचा कोपराच चोखू लागे. गाईची कास ताठरली होती. तिला स्पर्शही सहन होईना, म्हणून ती पाय झाडी. घरधन्याने गोऱ्ह्याची मान धरली आणि तोंड कासेखाली दाबले. तो जितका दाबी तितका गोऱ्हा मागे ओढी. असे तीन वेळा झाले. घरधनी संतापला. त्याने गोऱ्ह्याला एक थापट मारली आणि, “याच्या नशिबातच नाही!” असे म्हणून चीक काढून घशात ओतण्यासाठी बांबूचे नळकांडे आणावयास तो उठला.

इतक्यात त्याची वृद्ध आई दिवा घेऊन आली. ती म्हणाली, “नळकांडे राहू दे, बाळा. त्याला भूक आहे, वाट तेवढी सापडत नाही.”

तिने प्रथम गोऱ्ह्याच्या नाकातोंडावरचा चिकटा पुसला आणि गोणपाटाने त्याचे अंग खरखरून घासले, तेव्हा त्याच्या अंगात ऊब आली. मग मुलाला गाईच्या तोंडाशी उभे करून तिची मान खाजविण्यास सांगितले. कोमट पाण्यात भिजविलेल्या फडक्याने तिने कास हळूहळू शेकली आणि प्रत्येक सडातून दोन-तीन धारा काढल्या, त्यामुळे सडाच्या तोंडाशी बसलेला घट्ट चीक निघून गेला. नंतर चिकाने माखलेले बोट गोऱ्ह्याच्या तोंडात दिले. आधी काहीच झाले नाही. ती थांबली. थोड्या वेळाने त्याची जीभ बोटाभोवती वळली आणि तो चोखू लागला. चोखत असतानाच तिने बोट हळूहळू सडाशी नेले, सड आणि बोट दोन्ही त्याच्या तोंडात दिले आणि मग बोट अलगद काढून घेतले. सड सुटला. पुन्हा बोट, पुन्हा सड, पुन्हा सुटला. चार वेळा असे झाले. त्या सर्व वेळात तिने त्याचे डोके एकदाही दाबले नाही. पाठीमागून गुडघ्याचा आधार मात्र ठेवला होता. पाचव्या वेळी घुटक्याचा आवाज आला. शेपटी हलू लागली. गोऱ्ह्याने कासेला एक ढुशी दिली आणि गाईने पान्हा सोडला.

म्हातारी बाजूला जाऊन बसली. मुलगा घाईने म्हणाला, “आई, धरून ठेव ना! पुन्हा सुटेल.” ती म्हणाली, “सुटू दे. आता वाट त्याला ठाऊक झाली आहे.” आणि खरोखर सड सुटला, गोऱ्हा क्षणभर गोंधळला, आणि त्याने तो स्वतःच शोधून काढला.

या साध्या प्रसंगात वासराच्या जीविताचा केवढा प्रश्न होता हे प्रत्येक गोपालक गृहस्थाने ध्यानात घ्यावे. मनुष्याच्या बालकास रोगांशी झुंजणारी काही शक्ती मातेच्या उदरातच मिळते. वासराला ती तशी मिळत नाही, कारण गाईच्या वारेतून ती शक्ती गर्भापर्यंत पोहोचत नाही. ती साठविलेली असते पहिल्या चिकात. शिवाय वासराच्या आतड्याची ती शक्ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची क्षमता जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच उत्तम असते, मग झपाट्याने उतरत जाते आणि सुमारे 24 तासांनी जवळजवळ संपते. म्हणून वासराने जन्मानंतर 1 ते 2 तासांच्या आत पहिला घोट घ्यावा आणि पहिल्या दिवसात आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जावा, असे पशुवैद्यक सांगते. 20 किलो वजनाच्या वासराला हे प्रमाण सुमारे 2 लिटर पडते.

असे असता कित्येक घरी वार पडेपर्यंत वासराला पिऊ न देण्याची चाल आहे. वार पडण्यास कधी कधी 12 तासही लागतात. म्हणजे अमृतवेळेचा मोठा भाग उपवासातच जातो. वस्तुतः वासरू चोखू लागले म्हणजे गर्भाशयाच्या आकुंचनास साहाय्य होते, आणि त्यामुळे वार पडण्यास मदतच होते. काही घरी पहिला चीक खरवसासाठी काढला जातो आणि उरेल ते वासराला मिळते. हे सारे अज्ञानाने घडते. परंतु अज्ञानाने घडले म्हणून वासरू वाचत नाही.

सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्री दिलेले दान ते सात्त्विक. यातील ‘योग्य काळ’ या शब्दाचा अर्थ गोठ्यात जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. दुसऱ्या दिवशी भरपूर पाजलेला चीक पोट भरील, परंतु पहिल्या तासांतील घोटाचे कार्य तो करू शकणार नाही. अपेक्षारहिततेचेही तसेच आहे. कालवडीसाठी रात्रभर जागणे सोपे आहे, कारण पुढे दूध दिसते. गोऱ्ह्यासाठी जागणाऱ्याला पुढे काहीच दिसत नाही. आणि म्हणूनच त्याचे जागणे निष्काम कर्माच्या अधिक जवळ जाते.

आता म्हातारीने नळकांडे का नाकारले ते पाहावे. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. वासरू मान वर ताणून स्वतः चोखते, तेव्हा आतील एक पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध थेट चौथ्या, पचन करणाऱ्या कप्प्यात उतरते. घशात बळाने ओतलेले दूध भलतीकडे जाऊ शकते. श्वासनलिकेत शिरले तर फुप्फुसात जाऊन प्राणावरही बेतते. याचा अर्थ कोणत्याही परिस्थितीत हात जोडून बसावे असा नव्हे. वासरू गारठलेले असेल, उभेच राहत नसेल, बोटही चोखत नसेल, तर त्याला ऊब द्यावी, चीक स्वच्छ भांड्यात काढावा, चोखण्याची शक्ती येताच बूच लावलेल्या बाटलीने पाजावा आणि विलंब न लावता पशुवैद्याला बोलवावे. नळीने पाजण्याची वेळ आलीच तर ते काम जाणकाराच्या हातचे आहे. परंतु ज्याच्या ठिकाणी चोखण्याची शक्ती आहे, त्याच्या बाबतीत साहाय्यकाचे काम एवढेच की त्या शक्तीच्या आड आलेले अडथळे दूर करावेत. चोखणे कोणी कोणाला शिकवीत नाही. ते परमेश्वराने जन्मतःच देऊन ठेवले आहे.

हेच तत्त्व सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याविषयी सांगितले आहे. मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, आपणच आपला बंधू आणि आपणच आपला शत्रू आहोत. यावरून कोणी अशी शंका घेईल की, मग गुरूचे, मातापित्यांचे, संतांचे प्रयोजन काय? या शंकेचे उत्तर म्हातारीच्या बोटात आहे. तिने बोट दिले नसते तर गोऱ्हा कदाचित कोपराच चोखीत राहिला असता. परंतु तिने बोट काढून घेतले नसते तर तो बोटच चोखीत राहिला असता! बोटातून दूध येत नाही. गुरू सडापर्यंत नेतो आणि दूर होतो. जो शिष्याला स्वतःच्याच बोटाशी गुंतवून ठेवतो, त्याने साहाय्य केले असे म्हणता येणार नाही.

गीताध्यानातील एक रूपक आबालवृद्धांना परिचित आहे. उपनिषदे या गाई, गोपालनंदन श्रीकृष्ण हा दोहन करणारा, पार्थ हे वासरू, सुबुद्ध जन हे पिणारे आणि गीतामृत हे दूध. आपण हे रूपक नित्य म्हणतो, परंतु अर्जुनाला वासरू का म्हटले याचा विचार थोडेच करतात. वासराने तोंड लावल्यावाचून गाय पुष्कळदा पान्हा सोडीत नाही. अर्जुन व्याकुळ झाला, शरण आला, म्हणूनच तो पान्हा फुटला आणि आजपर्यंत लक्षावधी जन त्या दुधावर पोसले गेले. आता या वासराची पहिली स्थिती आठवावी. धनुष्य टाकून तो रथात बसला आहे. त्याची जिज्ञासा खरी आहे, पण ती भलत्या कोपऱ्यात तोंड घालीत आहे. कधी कुलक्षयाच्या भयात, कधी भिक्षान्नाच्या कल्पनेत. भगवंत सर्वसमर्थ होते. त्यांनी मान धरून ज्ञान घशात ओतले असते तर त्यांना कोण अडविणार होते? परंतु त्यांनी तसे केले नाही. तो पुन्हा पुन्हा शंका घेतो, सड पुन्हा पुन्हा सुटतो, आणि भगवंत पुन्हा पुन्हा नव्या रीतीने तो त्याच्या तोंडाशी आणतात. आणि अठराव्या अध्यायात, सर्व काही सांगून झाल्यावर, ते म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. हे बोट काढून घेणे आहे. त्यानंतर अखेरचे गुह्य आणि अभय देऊन ते अर्जुनाच्याच मुखातून ऐकतात की त्याचा मोह गेला. घोट त्याचा त्यानेच घेतला.

आपल्या भाषेत माया-ममतेला ‘वात्सल्य’ हा जो शब्द आहे तो ‘वत्स’ म्हणजे वासरू यापासूनच झाला आहे. महाराष्ट्रात आश्विन वद्य द्वादशीस वसुबारस होते, राजस्थानात भाद्रपदात बछबारस होते. दोन्हीकडे पूजा होते ती सवत्स धेनूची, आणि पुष्कळ घरी स्त्रिया त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य करतात. त्यामागील भाव एवढाच की दुधावर पहिला अधिकार वासराचा आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोपी यशोदेकडे गाऱ्हाणे आणतात की हा कान्हा अवेळीच वासरे सोडून देतो. गोपींना ती खोडी वाटली. परंतु वासरांच्या दृष्टीने तो त्यांचा हक्क मिळवून देणारा होता.

गृहस्थाश्रमात प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी असे धडपडणारे वासरू असतेच. अभ्यासात मागे पडलेला मुलगा असतो, नव्या घरात बावरलेली सून असते, व्यसनातून उठू पाहणारा भाऊ असतो. ‘याच्या नशिबातच नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी किती लवकर येते! ते म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या अंगाला ऊब दिली का, त्याच्या वाटेतील ताठर कास शेकली का, चार वेळा सुटल्यावर पाचव्या वेळेसाठी थांबलो का, हे पाहावे. फळ आपल्या हाती नाही. थांबणे आपल्या हाती आहे.

त्या पहाटे गोठ्यातून घरात आल्यावर घरधन्याची दृष्टी निजलेल्या आपल्या लहान मुलाकडे गेली. आदल्या संध्याकाळी पाढा चुकला म्हणून त्याने त्याला मारले होते. तो काही बोलला नाही. त्याने मुलाचे पांघरूण सारखे केले. सकाळी त्याने मुलाला गोठ्यात नेले, आणि गोऱ्हा पीत असता त्याच्या शेजारी बसून, पाढ्याचा पहिला आकडा स्वतः म्हणून तो थांबला. दुसरा आकडा मुलाने म्हटला.

ज्याने गाईला पान्हा दिला, वासराला चोखण्याची शक्ती दिली आणि व्याकुळ पार्थाला शब्द दिले, तो गोपाळकृष्ण आपणा सर्वांना धीराचा हात देवो, आणि तो वेळीच काढून घेण्याचे शहाणपणही देवो.