सौभरीचे पन्नास देह आणि गिटची वर्कट्री

मांधाता राजा लेकींचा संसार बघायला निघाला, ती गोष्ट विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात आहे. लेकी पन्नास, आणि पन्नासही जणी एकाच ऋषीला दिलेल्या. हा सौभरी बारा वर्षं पाण्यात तप करत बसला होता. तिथे एका माशाचं नातवंडांनी भरलेलं गोकुळ बघून म्हातारपणी त्याला लग्नाची हौस आली. थेट नाही म्हणावं तर शापाची भीती, म्हणून राजाने पळवाट काढली: मुलीने पसंत केलं तर माझी ना नाही. सौभरीने तारुण्य धारण केलं आणि पन्नासही जणी हाच हवा म्हणून अडून बसल्या. विश्वकर्म्याने प्रत्येकीला वेगळा वाडा बांधून दिला. काही काळाने राजा पहिल्या वाड्यात शिरला. लेक म्हणाली, बाबा, कशाची कमी नाही. एकच सल आहे. हे सदा माझ्यापाशीच असतात, बहिणींकडे फिरकतसुद्धा नाहीत, त्यांना काय वाटत असेल? राजा दुसऱ्या वाड्यात गेला. तिथेही तेच ऐकलं. तिसऱ्यातही तेच.

पुराणकार हसून पुढे जातो. दर्शनकारांना मात्र हा प्रकार सहजासहजी सोडवेना. एकाच योग्याने पन्नास देह घेतले तर मनं किती? एक म्हणावं, तर एका वाड्यात हसताना दुसऱ्यात रुसायचं कसं? पन्नास म्हणावीत, तर सरळ पन्नास सौभरी झाले. मग मांधात्याचा जावई नेमका कोण? योगसूत्रांच्या चौथ्या पादात व्यासभाष्य हाच प्रश्न उभा करतं आणि त्याचं उत्तरही देतं. मनं अनेक असतात, ती योग्याच्या अस्मितेतून घडवलेली असतात, प्रत्येकाचा व्यापार वेगळा असतो. पण त्या सगळ्यांना कामाला लावणारं, प्रयोजक चित्त एकच. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात याच संदर्भात दिव्याची उपमा येते: एका दिव्याचे अनेक दिवे व्हावेत, तसं. शंकराचार्यही तिथे म्हणतात की हे नवे देह बिनमनाचे नसतात. त्यांना आपापली मनं असतात आणि ती एका मनाच्या मागे चालतात.

हे सगळं शतकानुशतकं पाठशाळेतच राहिलं. कारण उघड होतं. पन्नास देह घेऊन दाखवणारा कुणी भेटत नव्हता, त्यामुळे उत्तर चुकलं की बरोबर आलं हे पडताळायची सोयच नव्हती.

अशी सोय जुलै २०१५मध्ये झाली, आणि ती भलत्याच दारातून आली. गिटची २.५ आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘वर्कट्री’ नावाची आज्ञा होती.

गिट म्हणजे प्रोग्रामरची वही. कोणती फाईल कधी, कुणी, का बदलली याचा सगळा इतिहास त्यात राहतो. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी एप्रिल २००५मध्ये ते लिहिलं. पहिली दहा वर्षं त्याचा सरळ व्यवहार असा होता: एक रेपो (म्हणजे या इतिहासाचा सगळा साठा), एक फोल्डर, आणि त्या फोल्डरमध्ये एका वेळी एकच ब्रँच (म्हणजे कामाची एक शाखा). न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नैयायिकांनी, मानलेलं मन असंच आहे. ते अणू आहे, एका क्षणी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, म्हणूनच दोन ज्ञानं एकदम होत नाहीत असं ते म्हणतात. एकच फोल्डर असलेल्या प्रोग्रामरला हे पटवून द्यावं लागत नाही. नवं काम अर्ध्यावर आलेलं असतं, सात-आठ फायली उस्कटून ठेवलेल्या असतात, आणि तेवढ्यात फोन येतो की गिऱ्हाइकाकडे बिलच छापलं जात नाही. मग चालू काम स्टॅश नावाच्या अडगळीत कोंबायचं, ब्रँच बदलायची, सगळं पुन्हा बिल्ड करायचं, दुरुस्ती करायची, परत यायचं, आणि आपण नेमके कुठे होतो ते आठवत बसायचं.

वर्कट्री म्हणते: फोल्डर बदलू नकोस, दुसरं घे. रेपो तोच, इतिहास तोच. फक्त शेजारी आणखी एक फोल्डर उभा राहतो आणि त्यात वेगळी ब्रँच उघडलेली असते.

आता या नव्या फोल्डरच्या आत डोकावून बघावं. मूळ फोल्डरमध्ये डॉट-गिट नावाची डिरेक्टरी असते आणि सगळा साठा तिच्यात असतो. नव्या फोल्डरमध्येही डॉट-गिट दिसतं, पण ती डिरेक्टरी नसते. एक साधी फाईल असते, एका ओळीची. ‘माझं घर तिकडे आहे’ एवढाच तिचा अर्थ. त्या पत्त्यावर, मूळ डॉट-गिटच्या आत, या फोल्डरच्या नावाने एक छोटं खोपटं केलेलं असतं. त्यात मोजक्याच वस्तू. हेड, म्हणजे हा देह आत्ता कुठल्या ब्रँचवर उभा आहे. इंडेक्स, म्हणजे पुढच्या कमिटसाठी, वहीतल्या पुढच्या नोंदीसाठी, त्याने काय हातात घेतलंय. आणि सामाईक घर कुठे आहे, त्याची खूण. लक्ष कुठे आणि हातात काय, हे प्रत्येकाचं वेगळं. साठवलेली प्रत्येक गोष्ट मात्र सामाईक. योगसूत्रं घडवलेल्या मनांबद्दल पुढे सांगतात की त्यांतलं ध्यानातून जन्मलेलं मन आशयरहित असतं, त्याच्यापाशी संस्कारांची स्वतःची पुंजी नसते. गिटच्या कारागिरांनी हे सूत्र वाचलं असेल असं कुणी म्हणणार नाही. पण एकाच्या अनेकपणाचा हिशेब नीट बसवायला गेलं की वाटणी अशीच करावी लागते, एवढं यातून दिसतं.

साठा सामाईक असल्याच्या गमतीही आहेत. स्टॅश सगळ्या वर्कट्रींचा मिळून एकच असतो. एका फोल्डरमध्ये दडवलेलं अर्धवट काम दुसऱ्या फोल्डरमध्ये यादीच्या अगदी वरती दिसतं, आणि घाईत तेच भलत्या जागी ओतलं जातं. सौभरीने एका वाड्यात गिळलेला राग दुसऱ्या वाड्यात बाहेर काढावा, तसंच हे.

पण खरी मेख एका मनाईत आहे. एक ब्रँच दोन वर्कट्रींमध्ये एकाच वेळी उघडू म्हटलं की गिट साफ नकार देतं आणि ती आधीच कुठल्या फोल्डरमध्ये उघडी आहे ते सांगतं. नवशिक्याला हे आडमुठेपणाचं वाटतं. एवढी पन्नास शरीरं देणारा देव दोघांना एका ब्रँचवर बसू देत नाही, हे कसलं औदार्य? म्हणून कुणी जबरदस्तीचा पर्याय वापरून तेही करून बघतो. मग काय होतं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या फोल्डरमध्ये तो एका फाईलमध्ये एक ओळ घालतो आणि कमिट करतो. दुसऱ्या फोल्डरला कुणी हातही लावलेला नाही. तरी तिथे स्थिती विचारली की गिट म्हणतं: तू ती ओळ खोडली आहेस, आणि खोडलेलं कमिट करायला तयार ठेवलं आहेस. गिट खोटं बोलत नसतं. ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटकडे दाखवणारं बोट. ते बोट पहिल्या फोल्डरने पुढे सरकवलं, दुसऱ्याच्या हातात मात्र जुनंच काम राहिलं. मग त्या दोहोंतला फरक म्हणजे ‘खोडलेली ओळ’. तिथे न बघता कमिट केलं की ती ओळ खरोखरच जाते. एका देहाने केलेलं दुसरा देह नकळत पुसतो.

एकाचे अनेक देह असू शकतात का, या प्रश्नात अडचणीची जागा नेमकी कुठे आहे, ते इथे कळतं. भूतकाळ कितीही जणांत वाटला तरी बिघडत नाही. तोच हजारो कमिटचा इतिहास पन्नास फोल्डरांच्या पाठीशी सुखाने राहतो. वाटता येत नाही ते पुढचं पाऊल. इंग्लंडचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात एक यंत्र कल्पिलं होतं. ते माणसाची प्रत मंगळावर तयार करतं आणि मूळ माणूस पृथ्वीवरच राहतो. दोघांपैकी ‘मी’ कोण, हा प्रश्नच फारसा महत्त्वाचा नाही, असं त्यांचं म्हणणं. गिट त्यांच्या बरंच जवळ आहे, पण एक अट घालून: दोघांनाही तो भूतकाळ आपला म्हणू द्या, फक्त उद्याचा दिवस दोघांच्या नावे वेगवेगळा मांडा. मांधात्याच्या पन्नासही लेकी खरं बोलत होत्या, कारण एकीची संध्याकाळ दुसरीच्या संध्याकाळीवर लिहिली जात नव्हती.

हे सगळं टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून करता येतं. पण ज्यांना त्याची गोडी लागली त्यांच्यातले बरेच जण ईमॅक्समध्ये बसून मॅगिट वापरतात. ईमॅक्स हा १९७६ सालचा, एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या हातचा संपादक. वापरणारा त्यातली जवळजवळ कुठलीही गोष्ट चालू असतानाच बदलू शकतो, आणि या विस्तारक्षमतेपायी त्याला भाविक लाभले. धर्म इथे निव्वळ उपमेचा नाही. स्टॉलमन स्वतः झगा घालून, जुन्या डिस्कची तबकडी प्रभावळीसारखी डोक्यामागे लावून ‘चर्च ऑफ ईमॅक्स’चे संत बनतात आणि प्रतिस्पर्धी व्हीआय संपादकाची गणना सैतानात करतात, कारण ती अक्षरं तीनदा लिहिली की रोमन आकड्यांत ६-६-६ होतात. मॅगिट ही त्याच संपादकाला जोडलेली पुरवणी. मारियुस फोल्मर यांनी २००८मध्ये ती सुरू केली आणि २०१३पासून योनास बेर्नूली तिचा सांभाळ करतात.

मॅगिटमध्ये मोठा झेड दाबला की वर्कट्रीची छोटी यादी खाली उघडते. बी दाबा, असलेली ब्रँच नव्या फोल्डरमध्ये. सी दाबा, ब्रँचही नवी आणि फोल्डरही नवा. जी दाबा, दुसऱ्या देहाला भेट. मांधात्याला पन्नास वाडे पायी हिंडावे लागले, इथे एका बोटाचं काम. के म्हणजे देह संपवणे. आणि मूळ फोल्डरवर उभं राहून के दाबला तर मॅगिट थांबवतं: हा पुसलास तर सामाईक डॉट-गिटही जाईल. पन्नास देहांत एक देह असा असतो, ज्याच्या पोटात सगळ्यांचा साठा आहे. बाकीचे खुशाल जावोत.

ही विषमता न आवडणारे लोक आहेत. ते ‘बेअर’ रेपो ठेवतात: नुसता साठा, कामाचा फोल्डरच नाही. सगळ्या वर्कट्री त्याला बाहेरून जोडलेल्या आणि सगळ्या सारख्या. इथे मराठी माणसाच्या तोंडी लगेच निर्गुण-सगुण येतं, आणि ते चुकीचं आहे. निर्गुणाला गुण नाहीत. बेअर रेपोत प्रत्येक फाईलचं प्रत्येक रूप आहे, फक्त उघडं नाही. हे सांख्यांचं अव्यक्त झालं. कार्य कारणात आधीपासून असतंच, या त्यांच्या सत्कार्यवादाला इतका चोख दाखला दुसरा मिळणार नाही.

मरणाचा हिशेबही नीट लावलेला आहे. वर्कट्रीचा फोल्डर कुणी आज्ञेविना हातानेच पुसला, तर कमिट केलेलं सगळं साठ्यात शाबूत राहतं. कमिट न केलेलं तेवढं देहाबरोबर जातं. मूळ घरातलं तिचं खोपटं मात्र उभंच असतं. सफाई मुद्दाम केली नाही तर गिट साधारण तीन महिने वाट बघतं आणि मग स्वतःहून ते काढतं. दहा दिवसांच्या सुतकापेक्षा हे लांबलं खरं. पण फोल्डर पेनड्राइव्हवर असेल आणि पेनड्राइव्ह कुणाच्या तरी खिशात, तर तो मेला नसून परगावी आहे. त्यासाठी वर्कट्रीला कुलूप घालायची वेगळी आज्ञा आहे. बेपत्ता माणसाला मृत मानायला भारतीय कायदा सात वर्षं थांबतो. कुलूपबंद वर्कट्रीसाठी गिट कुलूप निघेपर्यंत थांबतं.

गेल्या काही वर्षांत या जुन्या प्रश्नाला नवं टोक फुटलं आहे. कोड लिहिणारे एआय सहायक आले, आणि एकाच रेपोवर तीन-चार सहायकांना एकदम जुंपायचं तर प्रत्येकाला वेगळी वर्कट्री देण्याची रीत पडली. देह तयार आहेतच. त्यांत मनं बाहेरून आणून बसवायची. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या जयंतभट्टाने न्यायमंजरीत नेमकी हीच युक्ती लिहून ठेवली आहे. न्यायमतात मन नित्य आहे, त्यामुळे एखादा जीव मुक्त झाला की त्याचं मन बेवारस उरतं. योग्याला उरलेलं सगळं कर्म एकदमच भोगून संपवायचं असेल तर तो अनेक शरीरं निर्माण करतो आणि मुक्तांनी टाकून दिलेली ही मनं त्यांत घालतो. उसन्या मनांकडून कामं एकाच वेळी उरकून घेणारा हा योगी आज पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही कार्यालयात, तीन खिडक्या मांडून बसलेला सापडेल.

फरक एका ठिकाणी आहे. जयंताचा योगी उसनी मनं वापरतो, पण भोग त्याचाच असतो. कर्माचं खातं हलत नाही. गिटच्या कमिटमध्ये कर्त्यासाठी दोन जागा असतात. एक लिहिणाऱ्याची, एक नोंदवणाऱ्याची, आणि त्या दोन्हींत कुणाचं नाव घालायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. सहायकाने लिहिलेली आणि माणसाने न वाचताच पुढे ढकललेली ओळ तिथे माणसाच्या नावावर बिनबोभाट बसते. हे नाव फुकट मिळालेलं आहे असं मानणारे बिल छापलं जाईनासं झालं की फोन कुणाला येतो ते विसरतात.

देहाची मात्र नोंद कुठेच नसते. कमिटमध्ये फायलींची अवस्था असते, आधीच्या कमिटचा पत्ता असतो, दोन नावं, दोन वेळा आणि संदेश असतो. ते कुठल्या वर्कट्रीत बसून केलं, यासाठी रकानाच नाही. त्या देहाच्या हालचालींची एक रोजनिशी त्याच्या खोपट्यात असते, आणि वर्कट्री काढली की खोपट्याबरोबर तीही जाते.