स्वर्गाचा रस्ता आणि मोत्या

महाप्रस्थानाची गोष्ट सांगताना माझा आवाज नेमका कुठे जड व्हावा, हे आता मला पाठ झाले आहे. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात. मागून एक कुत्रा चालू लागतो. एकेक जण वाटेत कोसळतो आणि शेवटी उरतात धर्मराज आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो, "ये, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही." धर्मराज म्हणतो, "मग तो स्वर्ग मलाही नको." इथे मी क्षणभर थांबतो. वर्ग चिडीचूप होतो. इतक्या वर्षांत हा डाव कधी फसला नव्हता. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण त्या कुत्र्याला कुणी विचारलं होतं का, तुला स्वर्गात जायचंय का म्हणून?"

वर्ग हसला. मीही हसलो. शिक्षकाला उत्तर सुचले नाही की तो हसतो, हे मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळते.

आमचा मोत्या कोलशेतच्या खाडीकाठचा. जातिवंत वगैरे काही नाही. एका पावसाळ्यात बंदरावर पालथ्या घातलेल्या होडीखाली कुडकुडत बसला होता, तो हिने पदराखाली घालून आणला. घरात आम्ही दोघेच. त्यामुळे तिसरा कधी झाला ते कळलेही नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत कच्छचे रण पाहायचे ठरले, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोत्याला ठेवा माझ्याकडे, त्याला सवय आहे माझी." मी ताडकन म्हणालो, "छे! त्याला टाकून मी कुठे जाणार नाही." बोलताना मी थेट वर्गातला आवाज काढला होता, असे ही अजून सांगते.

आमची जुनी मोटार घोडबंदरवरून अहमदाबादच्या महामार्गाला लागली. भडोचला नर्मदा ओलांडली, अहमदाबादला एक मुक्काम केला, सूरजबारीच्या पुलावरून कच्छात शिरलो. २००१ च्या भूकंपात भुईसपाट झालेले आणि पुन्हा उभे राहिलेले भचाऊ मागे टाकले. कोलशेतपासून आठशेहून अधिक किलोमीटरची ही वाट मोत्याने खिडकीतून नाक बाहेर काढून प्यायली म्हणा ना! निदान पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी तो आडवा झाला आणि गाडी थांबली की तेवढा डोळे उघडून हिच्याकडे पाही. "आलं का?" असे त्याचे डोळे विचारत, असे मला वाटे. आता वाटते, "परत कधी?" असेही ते विचारत असतील. दोन्हींसाठी डोळे एकच.

रणाच्या अलीकडे एका ठिकाणी आम्ही खोली ठरवली होती. तिथला व्यवस्थापक सभ्य माणूस होता. तो हात जोडून म्हणाला, "जनावर आत चालणार नाही, साहेब." हंगामाचे दिवस, दुसरीकडे जागा मिळेना. इंद्राच्या दारात उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली होती आणि संवाद तर मला तोंडपाठ होता. मी म्हणालो, "हरकत नाही. एका रात्रीचाच प्रश्न आहे." मोत्याला गाडीत बसवले, काच बोटभर उघडी ठेवली, दार लावले आणि आत जाऊन झोपलो.

मध्यरात्री जाग आली तर शेजारची खाट रिकामी. बाहेर हाडे गोठवणारी थंडी होती. गाडीच्या मागच्या आसनावर ही शाल गुंडाळून बसली होती आणि मोत्याचे डोके तिच्या मांडीवर होते. मला पाहून ती म्हणाली, "अहो, तुम्ही झोपा. सकाळी गाडी चालवायची आहे तुम्हाला." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरे झाले असते. मी पुढच्या आसनावर बसून राहिलो. स्वर्ग नाकारणे सोपे असावे, असे मला तेव्हा वाटले. उबदार पांघरूण नाकारणे अवघड.

दुसऱ्या दिवशी खावड्याहून धोळावीऱ्याकडे निघालो. तिकडे जाणारा एक रस्ता रणाच्या मधून सुमारे तीस किलोमीटर सरळ जातो. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र मीठ. पावसाळ्यात इथे पाणी पसरते, हिवाळ्यापर्यंत ते आटते आणि मिठाचा थर मागे राहतो. या रस्त्याला लोक 'स्वर्गाचा रस्ता' म्हणतात! नाव ऐकून ही माझ्याकडे पाहून हसली. काय बोलणार? आम्ही उतरलो. आभाळ आणि जमीन यांमधली रेघ पुसून गेली होती. मी भारावून "वा!" म्हणालो.

मोत्या मात्र चार पावले गेला आणि थांबला. मिठाचे टोकदार कण त्याच्या पंजांना टोचत होते. पंजा चाटावा तर मीठच जिभेवर. त्याने नाक खाली घातले, वर केले, पुन्हा खाली घातले. ज्याचे सगळे जग नाकात, त्याला इथे वाचायला एक अक्षर नव्हते. तो लंगडत परत आला आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसला. आमच्या स्वर्गात त्याच्यासाठी सावलीचा एवढाच तुकडा होता. पिण्यासाठी आणलेल्या पाण्याने आम्ही त्याचे पंजे धुतले.

धोळावीऱ्याचे अवशेष आम्ही आळीपाळीने पाहिले. एकाने मोत्यापाशी थांबायचे. खडक खोदून पाणी साठवणारे हे हडप्पाकालीन नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्या भव्य हौदांपुढे उभा असताना मला दुसरीच एक वीट आठवत होती. सिंधमधल्या चन्हुदडोला त्याच काळातली एक वीट सापडली आहे. ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळाले आणि मागोमाग कुत्रा. दोघांची पावले तिच्यावर उमटून राहिली. तो कुत्रा आपल्या मर्जीने धावत होता. आमच्या मोत्याची पावले मिठावर उमटली ती माझ्या हौसेपायी.

तिथे मला त्या मुलाचा प्रश्न नीट कळला. महाभारताच्या आरंभीही एक कुत्रा आहे. जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या सरमेच्या पिलाला विनाकारण मारतात आणि सरमा जाब विचारायला येते. विनाअपराध मार खाणारा कुत्रा आरंभी आणि कुणी न टाकलेला कुत्रा अखेरीस, एवढा मोठा तो ग्रंथ! अखेरीस इंद्र विचारतो, "भावांना आणि पत्नीला टाकलेस, मग कुत्र्याला का नाही?" धर्मराज सांगतो, की ते गेल्यावर मागे राहिले, जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही. शरणागताला भय दाखवणे, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचे धन लुबाडणे आणि मित्रद्रोह, या चार पातकांच्या बरोबरीचे पातक तो भक्ताच्या त्यागाला मानतो. पण धर्मराजाचा कुत्रा आपल्या पायांनी आला होता. कुठल्याही वळणावर त्याला माघारी फिरता येत होते. मोत्याला मी उचलून गाडीत घातले आणि दार लावले. जो आपण होऊन येतो त्याला न टाकणे हा धर्म खराच. पण ज्याला आपण आणतो त्याचे देणे त्याहून जड असते. 'टाकणार नाही' एवढे म्हणून ते फिटत नाही.

हे लिहिताना आई आठवते. वडील गेल्यावर मी तिला कोकणातून कोलशेतला आणली. नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. "तिला एकटी टाकणार नाही," हे वाक्य मी त्याही वेळी सगळ्या नातेवाइकांना ऐकवले होते, आणि सगळ्यांनी मला चांगला मुलगा म्हटले होते. तीन वर्षे ती खिडकीपाशी बसून खाडीकडे पाहत राहिली. एकदा म्हणाली, "इथे मातीचा वास येत नाही रे." मी म्हणालो, "वर हवा किती छान आहे, आई!" मोत्याला बोलता येत नाही, त्याला विचारायचे कसे, ही अडचण खरी आहे. आईला बोलता येत होते. मी विचारले नाही.

आता दिवाळी आली. फटाक्यांचा आवाज सुरू झाला की मोत्या पलंगाखाली शिरतो आणि ही हातातले काम टाकून शेजारी जमिनीवर बसते. हल्ली मीही बसतो. येत्या नाताळात जैसलमेरला जावे, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. परवा खाली गाडीचे दार मुद्दाम उघडे ठेवून आम्ही बाजूला उभे राहिलो. मोत्या आला. त्याने चाक हुंगले, आसन हुंगले, आमच्याकडे पाहून शेपूट हलवली आणि सावकाश खाडीच्या रस्त्याला लागला.

"मिळालं तुमच्या विद्यार्थ्याला उत्तर," ही म्हणाली.

जैसलमेरचे अजून नक्की नाही. काकूंना विचारायचे आहे. आणि ते दोन दिवस मोत्याला त्यांच्याकडे सोडून पाहायचे आहे, त्याला काय वाटते ते.