अपुऱ्या आवृत्तीचे प्रामाण्य

संकेतस्थळे प्रकाशित करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेससारख्या प्रणालीची मोठी नवी आवृत्ती सर्वांच्या हाती पडण्यापूर्वी तिचे कच्चे रूप इच्छुक वापरकर्त्यांकडे तपासणीसाठी सोपवले जाते. या टप्प्याला बीटा चाचणी म्हणतात, आणि हे रूप चालत्या संकेतस्थळावर बसवू नये अशी ताकीदही सोबत दिलेली असते. वस्तू अपुरी आहे हे कर्ताच सांगतो आणि तरीही ती दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा तंत्राबरोबर तत्त्वज्ञानाचाही प्रश्न उभा राहतो: एखादी गोष्ट विश्वासार्ह कशाने ठरते, आणि तिच्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाचा?

भारतीय दर्शनांत यातला पहिला प्रश्न प्रामाण्यवाद, म्हणजे ज्ञानाचे खरेपण कशाने ठरते याविषयीचा वाद, म्हणून जुना आहे. न्यायदर्शनाचे अनुयायी, नैयायिक, परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचे खरेपण त्याच्या बाहेरून, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आल्यावर, कळते असे म्हणतात. समोर दिसले ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरते. मीमांसादर्शनाचे अनुयायी, मीमांसक, स्वतःप्रामाण्य मानतात: दोष दाखवणारे बाधक ज्ञान पुढे येत नाही तोवर ज्ञान प्रमाणच होय. बीटा चाचणी सुरू होते नैयायिकाच्या वृत्तीने आणि संपते मीमांसकाच्या; कारण चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखवता येते, अभाव नव्हे, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी निःसंदिग्धपणे मांडलेले असूनही, बाधक काही सापडले नाही एवढ्याच आधारावर एके दिवशी आवृत्ती अंतिम म्हणून जाहीर करावीच लागते.

हे बाधक ज्ञान कोणाजवळ असेल, ते कर्त्याला आधी ठाऊक नसते. उदाहरणार्थ, ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो आणि त्यांपैकी एकीत डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लागते. नव्या आवृत्तीने असली अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातल्या घळी समुद्राला मिळतात, आणि प्रणालीच्या लेखी मात्र काहीही बिघडलेले नसते. मराठी वाचणाऱ्यावाचून हा दोष कोणाच्या लक्षात येणार?

दुरुस्तीच्या अधिकाराचा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवाशाला आणून सोडतो. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका, म्हणजेच ज्ञानेश्वरी, पूर्ण केली आणि ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात ज्ञानदेव श्रोत्या संतांना आपल्या निरूपणातील उणेअधिक सांभाळून घेण्याची विनवणी करतात. पुढे हातांनी नकला होत गेल्या, पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करून यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे कडक शब्दांत बजावले.

एक विनवणी आणि एक मनाई, अशी ही विसंगती वरवर भासते. परंतु ज्ञानदेवांनी श्रोत्याला दोष ओळखण्याचा मान दिला होता, ग्रंथात परस्पर भर घालण्याची सनद नव्हे, आणि या दोहोंतले अंतर काही हौशी नकलकारांना उमगले नसावे. एकनाथांनी स्वतःचे नाव व शक नोंदवून दुरुस्तीची जबाबदारी उघडपणे पत्करली, म्हणून त्यांची मनाई अरेरावी ठरत नाही. बीटा चाचणीतही दोष कळवण्याचा अधिकार सर्वांना असावा, आणि मूळ आज्ञावलीत, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांच्या संहितेत, होणाऱ्या प्रत्येक बदलामागे उत्तरदायी माणूस असावा, हेच रास्त होय. हे साम्य फार ताणू नये, कारण पाठशुद्धी मागे, कर्त्याच्या मूळ शब्दांकडे जाते, तर सॉफ्टवेअरची दुरुस्ती बहुधा अजून न साधलेल्या हेतूकडे, पुढे जाते.

शिवाय जबाबदारीने केलेली शुद्धीही बाधक ज्ञानाचा मार्ग बंद करत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक वेगळी प्रत छापली, तेव्हा तिच्या पाठांवर आणि प्राचीनत्वावर अभ्यासकांत मोठा वाद झाला.