गुरुवारचं चिंतन : हा पैसा कोणत्या दिवसाचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



म्हापशाच्या सत्संगात आरतीनंतर एका साधकानं विचारलं, "महाराज, मुलाच्या कॉलेजच्या फीचे सहा लाख बँकेत आहेत. मित्र म्हणतो, शेअरमध्ये घाल. शेअर घेणं पाप आहे का?"

महाराज म्हणाले, "पाप-पुण्य नंतर बघू. फी कधी भरायची?"

"जूनमध्ये. सहा महिन्यांनी."

"मग तो पैसा तुझा कुठाय? तो जूनचा आहे. तुझ्याकडे फक्त ठेव आहे. दुसऱ्याची ठेव कुणी डावावर लावतं का?"

पुढे म्हणाले, "भात चार महिन्यांत कापता येतं. माडाला नारळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. जमीन तीच, दोन्ही पिकं चांगलीच. पण दिवाळीला घरच्या भाताचे पोहे हवेत आणि तू माड लावून बसलास, तर दोष माडाचा का?"

2020 साल आठवा. जानेवारीत सेन्सेक्स 42,000च्या आसपास होता, 23 मार्चला 26,000च्याही खाली आला. ज्याला एप्रिलमध्येच पैसे हवे होते, त्याला पडेल त्या भावात विकावं लागलं. ज्याला घाई नव्हती, त्यानं पुढच्या फेब्रुवारीत 50,000 पाहिले. शेअर तेच होते. फरक होता तो गरजेच्या तारखेचा. आणि दर वेळी बाजार वर्षभरातच सावरेल, असंही कुणी धरून चालू नये.

याची दुसरी बाजूही आहे. म्हातारपणाचा पैसा हा सत्तरीतल्या तुमचा आहे. बाजार पडला म्हणून घाबरून तो मोडणं, किंवा तीस वर्षं नुसता बचत खात्यात ठेवून महागाईला खाऊ घालणं, हीसुद्धा ठेवीची हेळसांडच. माड रोज उपटून मूळ बघायचं नसतं. पीपीएफची 15 वर्षांची मुदत म्हणजे एक व्रतच समजा. मन डगमगलं तरी नियम धरून ठेवतो.

लोभ म्हणतो, "आत्ताच दे." भीती म्हणते, "आत्ताच काढ." दोघांनाही उद्या दिसत नाही. म्हणून साधकानं आधी तारीख बघावी, मग परतावा.

या आठवड्याची साधना : आज रात्री नामस्मरणानंतर वही घ्या. प्रत्येक रकमेपुढे ती कुणासाठी आणि कधी लागणार, एवढंच लिहा. घरच्यांनाही दाखवा. जिच्यापुढे तारीख सुचणार नाही, त्या रकमेतून थोडं अन्नदानाला काढा. भुकेची तारीख आजचीच असते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥