खोडदला जमलेले मेजर

निवृत्त पोलिसांच्या गप्पांत साहेबाला आडनाव असतं, आरोपीला टोपणनाव असतं आणि फिर्यादीला काहीच नसतं. 'एक बाई आली होती', 'एक म्हातारा बसून होता', एवढ्यावर भागतं. खोडदला एका मित्राच्या मळ्यात आम्ही जुने सहकारी जमलो होतो, तिथं मला हे पहिल्यांदा खटकलं. खटकलं म्हणून गप्प बसलो, असंही नाही. सगळ्यांबरोबर हसलो.

बेत मासवडीचा होता. रस्सा, बाजरीची भाकरी. या भागात नोकरी काढलेल्याला दुसरं काही चालत नाही. मग बंदोबस्तांची उजळणी. शिवजयंतीचा शिवनेरी, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या, उसात बिबट्या दिसला म्हणून जमलेली गर्दी मागं हटवण्यात गेलेल्या रात्री. एका मेजरचा, म्हणजे हवालदाराचा, विज्ञान दिनाचा बंदोबस्त इथलाच, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला. "तीस अँटेना, एकेक पंचेचाळीस मीटरची. दुनिया बघायला येते. मी काय बघितलं? पार्किंग!" या हसण्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

पुढं 'प्रसादा'चे किस्से निघाले. कुणाला कसा दिला, दोन पट्ट्यांत कसा बोलता झाला. माझा हात कमी चालायचा, म्हणून अशा वेळी मी स्वतःला बाजूला काढून घेतो. ती सवलत मला मिळू नये. मी ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसायचो आणि माझं हत्यार पेन होतं. दखलपात्र गुन्हा नोंदवला की पंचनामा, तपास, कोर्ट हे सगळं मागं लागतं. महिन्याच्या क्राइम मीटिंगला आकडा फुगतो आणि साहेबांची झाडाझडती होते. तेच 'किरकोळ शिवीगाळ, धक्काबुक्की' असं लिहिलं की अदखलपात्र. रजिस्टरला चार ओळी, 'कोर्टात दाद मागा' अशी समज, आणि माणूस दाराबाहेर. फिर्यादीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. पण गुन्हा नोंदवण्याबाबतचं कलम १५४ आम्हाला त्याआधीही पाठ होतं. परीक्षेत मार्क त्याचेच पडले होते.

असं लिही, असं मला कुणी सांगितलं होतं? आठवून पाहतो, तर एकही तोंडी हुकूम आठवत नाही. साहेबांना काय आवडेल ते ठाऊक होतं, बस. न दिलेला हुकूम मी इतक्या तत्परतेनं पाळला, की दिलेलेही तसे पाळले नसतील.

बारा-बारा तासांची ड्युटी, गणपती-दिवाळी रस्त्यावर, पोरांचे वाढदिवस फोनवर. हे रडगाणं खरं आहे. खरं आहे म्हणूनच ते पावतीसारखं कुठंही दाखवता येतं. समोरच्या बाकड्यावर फिर्याद घेऊन सकाळपासून बसलेली बाईही थकलेलीच होती, तिची मजुरी बुडाली होती. तिच्या थकव्याची नोंद करायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता, आणि तो मी कधी मागितलाही नाही.

जेवणानंतर कुणीतरी तुकाराम ओंबळ्यांचं नाव काढलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि सोडली नाही. हातात फक्त लाठी होती. आमच्या माना ताठ झाल्या. साताऱ्याकडचा हा माणूस त्या क्षणी आमच्या घरचा झाला. १९७२ सालचं देसाईगंज मात्र असं घरचं होत नाही. ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप, सर्वोच्च न्यायालयातून सुटलेले दोन पोलीस, त्यावरून देशभर उठलेला संताप आणि १९८३ मध्ये बदललेला बलात्काराचा कायदा. हे मथुरा प्रकरण प्रशिक्षणात शिकलेले आम्ही, 'ते दोघे वेगळे' म्हणून मोकळे होतो. ओंबळ्यांच्या शौर्यात माझा वाटा काय? काहीच नाही, तरी घेतो. मग दुसरा वाटा नाकारायचा कोणत्या तोंडानं? त्या दोघांसारखं मी काही केलं नाही, हे उत्तर माझ्यापाशी तयार आहे. पण कोठडीतून आवाज आला की बाहेरच्या रेडिओचा आवाज वाढवणारे आमच्यात होते, आणि तेव्हा मी डायरी लिहीत राहिलो. त्याला शिस्त म्हणायचो. भीती होती की सवय, हे आज नक्की सांगता येत नाही. भीती म्हटलं तर जरा बरं वाटतं, म्हणून त्या उत्तराचाच मला संशय येतो.

पुढचा मेळावा घोडेगावला भरवायचं चाललंय. 'प्रसादा'चा किस्सा पुन्हा निघणार. न हसता बसणं मला जमेल. त्या माणसाचं पुढं काय झालं, एवढंच विचारणं जमेल का, ते सांगता येत नाही. विचारलं तर टेबलावर शांतता पसरेल, आणि कदाचित त्यापुढच्या मेळाव्याचा निरोप मला येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी साहेबांची भीती होती, आता मित्रांची आहे. पेन्शन सुरू आहे, बदली होऊ शकत नाही, तरीही.