चर्चिल आणि ग्लुकोजची तार

चर्चिल म्हटले की आपल्याकडे दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. एक, हिटलरला अंगावर घेणारा. दुसरा, गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणणारा आणि बंगाल अन्नान्न करत असताना कपाळाला आठ्या घालणारा. जो तो आपल्या सोयीचा चर्चिल उचलतो. मला ही वाटणीच मान्य नाही. पुराव्यापुढे मान न तुकवण्याचा जो हट्ट १९४० साली ब्रिटनच्या कामी आला, तोच पुढे आपल्या मुळावर आला.

१८९६ साली हा एकवीस वर्षांचा लष्करी अधिकारी मुंबईला उतरला. ससून डॉकवर होडी हिंदकळत असताना धक्क्याची लोखंडी कडी धरायला गेला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. ते दुखणे जन्मभर पुरले. बंगळूरच्या छावणीत दुपारी इतिहासकार गिबन आणि मेकॉले, संध्याकाळी पोलो. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या मुलाने स्वतःला तिथेच घडवले, पण घडला तो मेकॉलेच्या इंग्लंडवर. ज्या देशात बसून वाचत होता, तो खिडकीबाहेरच राहिला. १८९९ साली तो परत गेला तो पुन्हा कधीच आला नाही, आणि त्याच्या डोक्यातला हिंदुस्थानही त्याच सालात थांबला. १९३१ साली हिंदुस्थानच्या प्रश्नावरून त्याने आपल्याच हुजूर पक्षाच्या नेतृत्वाशी फारकत घेतली. पुढची काही वर्षे तो राजकारणात जवळजवळ एकटाच होता. हिटलरबद्दल तो इशारे देऊ लागला तेव्हा लोकांनी कानाडोळा केला, त्याला हेही एक कारण असावे.

१० मे १९४० रोजी तो पंतप्रधान झाला. महिनाअखेरीस फ्रान्स कोसळत होता, ब्रिटिश फौज डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडली गेली होती, आणि मुसोलिनीमार्फत तहाची चाचपणी करावी असे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होते. कागदावरचा हिशेब हॅलिफॅक्सच्या बाजूचा होता. २८ तारखेला चर्चिलने युद्धमंडळाबाहेरच्या मंत्र्यांना बोलावले, लढतच राहायचे असे सांगितले, त्यांनी उचलून धरले आणि तहाचा विषय संपला. डंकर्कहून सुमारे ३,३८,००० सैनिक सुटले. पण तो आकडा निर्णय झाला तेव्हा कुणाच्याच हाती नव्हता.

आता पुणे, फेब्रुवारी १९४३. आगाखान पॅलेसमध्ये त्र्याहत्तर वर्षांच्या गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला होता. तीनच दिवसांनी लंडनहून व्हाइसरॉयला तार आली: गांधी पाण्यातून ग्लुकोज घेतात असे ऐकतो, खातरजमा करता येईल का? युद्ध ऐन भरात असताना पंतप्रधानाला ही चौकशी सुचली! व्हाइसरॉय लिनलिथगो काही गांधीभक्त नव्हते. तरी त्यांनी कळवले की डॉक्टरांनी आग्रह करूनही गांधी ग्लुकोजला साफ नकार देतात. चर्चिलने ऐकून घेतले आणि पुढे आपल्या युद्धेतिहासाच्या चौथ्या खंडात ग्लुकोज दिले जात होते असेच लिहून टाकले. १९५३ साली याच लेखकाला साहित्याचे नोबेल मिळाले.

उपवासाच्या त्याच वर्षी, १९४३ साली, बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. दुष्काळ चर्चिलने घडवला असे मी म्हणणार नाही. ब्रह्मदेश पडल्याने तिथला तांदूळ बंद झाला होता, मेदिनीपूरला वादळाने झोडपले होते, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या, भाव गगनाला भिडले होते. पण भारतमंत्री अ‍ॅमरी धान्यासाठी जहाजे मागत होते आणि मंत्रिमंडळ हात आखडून थोडेथोडेच देत होते. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टकडे जहाजे मागितली खरी. तिकडून नकार आला. सुमारे तीस लाख माणसे गेली. हिंदुस्थानबाबत चर्चिलच्या आणि हिटलरच्या दृष्टीत आपल्याला फारसा फरक दिसत नाही, असे अ‍ॅमरी त्याला तोंडावर म्हणाले. हे बोलणारा माणूस काँग्रेसचा नव्हता, त्याच्याच पक्षातला पक्का साम्राज्यवादी होता.

जुलै १९४५ मध्ये, युरोपातला विजय ताजा असतानाच, ब्रिटिश मतदारांनी त्याला घरी बसवले. मजूर पक्षाचे अ‍ॅटली पंतप्रधान झाले. ते सायमन कमिशनबरोबर हिंदुस्थान फिरून गेलेले. १९४७ साली व्हाइसरॉय माउंटबॅटन चर्चिलला भेटले, तेव्हा त्याने भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश राष्ट्रकुलात राहणार का एवढेच घट्ट धरून ठेवले. तशी तयारी आहे म्हटल्यावर जुलैतल्या स्वातंत्र्याच्या विधेयकाला हुजूर पक्षाने विरोध केला नाही.